पत्ता कोणाचा आणि वाचतो कोण: संगणक-नेटवर्कची मुळाक्षरे शिकण्याची एक रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमातून दहावी होऊन डिप्लोमाला किंवा पदवीला गेलेल्या मुलाची नेटवर्क या विषयाशी पहिली गाठ पडते ती बहुधा सात थरांच्या एका चौकटीतून. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेले नेटवर्कचे काम सात थरांत वाटून दाखवणारे हे ओएसआय प्रारूप मुलगा घोकून पाठ करतो, परीक्षेत सातही नावे वरून खाली आणि खालून वर बिनचूक लिहितो, आणि घरचे इंटरनेट बंद पडले की राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही. या भागातील दुकानांची आणि लहान कार्यालयांची नेटवर्के जोडून देण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आणि संध्याकाळी काही मुलांना हाच विषय मराठीतून समजावतो. त्यातून जी रीत हाताला बसली ती येथे मांडली आहे. पॅकेट, पोर्ट, राउटर हे शब्द मी तसेच ठेवतो, कारण कामाच्या ठिकाणी तेच कानावर पडणार आहेत. समजूत मात्र मराठीतच झाली पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

ही रीत अशी: थरांची नावे बाजूला ठेवावीत आणि समोर येणाऱ्या प्रत्येक पत्त्याला दोनच प्रश्न विचारावेत. हा पत्ता वाचतो कोण? आणि तो कुठपर्यंत चालतो?

साहित्य फारसे लागत नाही. दोन जुने संगणक, पाच पोर्टांचा (केबल घालण्याच्या खाचांचा) एक साधा स्विच (एका ठिकाणचे संगणक आपसात जोडणारी पेटी), दोन-तीन केबली, घरचा राउटर (घरचे नेटवर्क बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी पेटी) आणि एक दोनशेपानी वही एवढे पुरते. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एक तुकडा, उघडून पाहण्यासाठी वायरशार्क हा प्रोग्राम मोफत मिळतो, आणि उपकरणे विकत न घेता मोठे नेटवर्क रचून पाहण्यासाठी सिस्कोचा पॅकेट ट्रेसरही विद्यार्थ्यांना विनामूल्य वापरता येतो. तरीही सुरुवात खऱ्या तारेनेच करावी, असे माझे मत आहे. पॅकेट ट्रेसरमध्ये केबल कधी सैल होत नाही.

दोन खानापूर

खानापूर नावाचे गाव आपल्या बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. दोन्हीकडे त्या नावाचा तालुकाही आहे. पाकिटावर नुसते ‘खानापूर’ लिहिले तर टपाल कुठे जावे, हा प्रश्न खराच होता. गावांची सारखी नावे, वेगवेगळ्या लिप्या आणि अर्धवट पत्ते यांतून होणारा घोटाळा टळावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, आणि तो आखणारे अधिकारी होते संस्कृतचे जाणकार कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. आपल्या खानापूरचा पिन ५९१३०२, तर सांगलीकडचा ४१५ ने सुरू होणारा.

आता दिल्लीत पाकिटांची छाननी करणारा कर्मचारी काय वाचतो ते पाहावे. पहिला आकडा ५ म्हणजे आंध्र, तेलंगण, कर्नाटक यांचा पट्टा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढच्या आकड्यांशी त्याला फारसे देणेघेणे नसते. पाकीट जसजसे जवळ येते तसतसे उरलेले आकडे कामाला येतात, आणि घराचे नाव वाचण्याची वेळ अगदी शेवटी, गावच्या पोस्टमनवर येते. शिवाय पाकीट एकटे प्रवास करत नाही. ते पोत्यात जाते, आणि पोत्यावरची चिठ्ठी फक्त पुढच्या टप्प्यापुरती असते. टप्पा आला की पोते उघडते, नवे पोते, नवी चिठ्ठी. पाकिटावरचा पत्ता मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो.

नेटवर्कमधील मॅक पत्ता म्हणजे ही पोत्यावरची चिठ्ठी, आणि आयपी पत्ता म्हणजे पाकिटावरचा पिनसह पत्ता. विद्यार्थी ‘दोन-दोन पत्ते कशाला?’ असे विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देतो. मात्र ते पुढे फार ताणू नये: पोस्टमन हरवलेले पाकीट पुन्हा लिहून काढत नाही, आणि नेटवर्कवरची टीसीपी ही पद्धत नेमके तेच करते.

तारेपासून सुरुवात

पहिला आठवडा केबलीला द्यावा. केबलीत आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार पिळांत गुंफलेल्या असतात. प्रचलित ‘बी’ पद्धतीचा क्रम वहीत लिहून ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवशिक्याला हा क्रम वेडावाकडा वाटतो आणि तो ‘दोन्ही टोके सारखी असली म्हणजे झाले’ असे समजून रंगांच्या सरळ जोड्या लावतो. केबल तपासणाऱ्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातली असावी लागते, कारण पिळामुळेच शेजारच्या जोडीचा त्रास एकमेकांत खोडला जातो. पीळ फुटला की दोन मीटरच्या तुकड्यावर सारे ठीक चालते आणि चाळीस मीटरवर फायली अडखळू लागतात. साधा टेस्टर ही चूक दाखवत नाही. तांब्याच्या केबलीची मर्यादा १०० मीटर आहे, हेही याच पानावर लिहावे. आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नये. वळवाच्या पावसात एक वीज जवळपास पडली की दोन्ही टोकांची उपकरणे जाऊ शकतात. तेथे फायबरच टाकावी.

दोन संगणक स्विचला जोडले की पहिल्या पत्त्याची भेट होते. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत आयपी आणि कॉन्फिग हे शब्द जोडून लिहिलेली आज्ञा, तिच्यापुढे तिरकी रेघ आणि ‘ऑल’ असे दिले की ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून सहा जोड्यांचा एक आकडा दिसतो. तोच मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १) असतो आणि त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड बनवणारी कंपनी ओळखता येते. वाचतो कोण? स्विच आणि समोरचे कार्ड. चालतो कुठपर्यंत? पहिला राउटर येईपर्यंत, पुढे नाही. कोणत्या पोर्टावर कोणता मॅक पत्ता आहे, हे स्विच येणाऱ्या फ्रेमीवरील, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पोत्यावरील, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शिकत जातो, आणि ज्याचा ठिकाणा माहीत नाही त्याच्यासाठीची फ्रेम आल्या पोर्टाखेरीज सगळ्या पोर्टांवर सोडतो.

आयपी पत्ता आणि एक बेरीज-वजाबाकी

आयपीव्ही४ चा, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा, पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. सप्टेंबर १९८१ मध्ये हा प्रोटोकॉल (बोलण्याचे नियम) कागदावर पक्का झाला तेव्हा ही संख्या अफाट वाटली. आज ती जगाच्या लोकसंख्येलाही पुरत नाही. म्हणून घरात आणि कार्यालयात १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि बाहेर पडताना राउटर त्यांच्याजागी आपला सार्वजनिक पत्ता लावतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. दोन्ही प्रश्न येथे विचारून पाहावेत: १९२.१६८.१.१० हा पत्ता राउटर वाचतो हे खरे, पण तो चालतो फक्त उंबऱ्याच्या आत. बेळगावच्या टिळकवाडीतल्या हजार घरांत एकाच वेळी हाच पत्ता असू शकतो.

सबनेट मास्क हे प्रकरण मुले सर्वांत जास्त टाळतात, म्हणून येथे थांबावे. मास्क एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: समोरचा पत्ता माझ्याच वाड्यातला आहे की वेशीबाहेरचा? वाड्यातला असेल तर संगणक त्याला थेट हाक मारतो. बाहेरचा असेल तर पॅकेट गेटवेकडे, म्हणजे वेशीवरच्या राउटरकडे, सोपवतो. समजा मास्कचे पहिले २६ बिट १ आहेत, म्हणजे २५५.२५५.२५५.१९२. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.७० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.१३०. हे दोघे शेजारी की परके? शेवटचा आकडा द्विमानात लिहावा. ७० म्हणजे ०१०००११०, १३० म्हणजे १०००००१०, आणि मास्कचा १९२ म्हणजे ११००००००. मास्कमध्ये जेथे १ आहे तेथील बिट ठेवावे, बाकीचे शून्य करावे. पहिल्याचे उरते ०१००००००, म्हणजे ६४; दुसऱ्याचे १०००००००, म्हणजे १२८. आकडे वेगळे आले, म्हणून दोघे वेगळ्या वाड्यांतले. एकाच स्विचला शेजारी-शेजारी जोडलेले असले तरी राउटरशिवाय बोलू शकणार नाहीत. अशा एका वाड्यात ६४ पत्ते असतात. पहिला वाड्याच्या नावाला आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याला जातो, म्हणून वापरायला ६२. अशी वीस उदाहरणे हाताने सोडवावीत, मोबाइलवरील कॅल्क्युलेटर बंद ठेवून. एकविसावे तोंडी येते.

शेजाऱ्याला थेट हाक मारायची तर त्याचा मॅक पत्ता हवा, आणि तो मिळवण्याचे काम आर्प करते. संगणक साऱ्या वाड्याला विचारतो, ‘१९२.१६८.१.१ कोणाचा आहे?’, आणि ज्याचा आहे तोच उत्तर देतो. वायरशार्कमध्ये हा प्रश्न जवळजवळ शब्दशः याच भाषेत दिसतो, आणि तो पहिल्यांदा दिसल्यावर विद्यार्थ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. येथे एक सावधगिरी सांगतो: वायरशार्क फक्त स्वतःच्या किंवा परवानगी मिळालेल्या नेटवर्कवरच चालवावा. दुसऱ्याच्या यंत्रणेत विनापरवानगी शिरून माहिती काढणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते.

आयपीव्ही६ चे पत्ते १२८ बिटांचे असतात. ते नंतर शिकावे, पण ‘आपल्याकडे कोण वापरतो’ असे म्हणून सोडू नये. खिशातला मोबाइल बहुधा आजच त्यावर चालत असतो.

‘बेळगाव’ किती बाइटांचे?

हा प्रयोग मला स्वतःला सर्वांत आवडतो. दोन संगणक केबलीने जोडावेत. वायफायवर फ्रेमीची मापे वेगळी असतात, म्हणून केबलच हवी. नेटकॅट या छोट्या प्रोग्रामने एका संगणकावरून दुसऱ्यावर यूडीपीने (पोचपावती न घेता पाठवण्याच्या पद्धतीने) ‘बेळगाव’ हा एकच शब्द पाठवावा आणि दुसरीकडे वायरशार्क लावून ठेवावा.

‘बेळगाव’ या शब्दात ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना आणि व अशी सहा चिन्हे आहेत. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) घेते, म्हणून शब्द झाला १८ बाइटांचा. (कन्नड चिन्हालाही तीनच बाइट लागतात, या बाबतीत तरी कोणाला तक्रारीला जागा नाही.) त्यावर यूडीपीचे शीर्ष (मजकुराच्या पुढे जोडलेली माहिती) ८ बाइटांचे: त्यात पोर्टांचे आकडे (स्विचवरच्या खाचा नव्हेत; हे पोर्ट पुढे येतात), लांबी आणि तपासणीची बेरीज. झाले २६. त्यावर आयपीचे शीर्ष २० बाइटांचे: दोन्ही आयपी पत्ते, टीटीएल (याचे काम पुढे येते) वगैरे. झाले ४६. त्यावर इथरनेटचे, म्हणजे केबलीवरील नेटवर्कच्या पद्धतीचे, शीर्ष १४ बाइटांचे: दोन मॅक पत्ते आणि आत काय आहे त्याची खूण. झाले ६०, आणि वायरशार्क नेमके ६० दाखवतो. फ्रेमीच्या शेवटी चुका पकडण्यासाठी आणखी ४ बाइट असतात, ते कार्ड सहसा स्वतःपाशीच ठेवते. एकूण ६४, आणि इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांचीच असते. ‘बेळगाव’ तिच्यात असे बसते की एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही.

आता हाच शब्द रोमन लिपीत, ‘बेलगाम’ या जुन्या सात अक्षरी स्पेलिंगने पाठवावा. मजकूर सातच बाइटांचा, तरी पोचलेली फ्रेम पुन्हा ६० दाखवते, आणि शेवटी ११ रिकामे बाइट भरलेले दिसतात, कारण किमान मापापेक्षा लहान फ्रेम तारेवर जाऊ शकत नाही. पाठवणाऱ्या संगणकावर पाहिले तर बहुधा ४९ च दिसतात, कारण भरणा त्यानंतर होतो. ‘निपाणी’ पुन्हा १८, ‘खानापूर’ २१. आकडा एकाने जास्त आला तर शब्दानंतर दाबलेल्या एंटरचाही एक बाइट गेला, असे समजावे. थर म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही: प्रत्येक थराने आपले पाकीट वर चढवले, आणि प्रत्येक पाकिटावर वेगळ्या वाचकासाठी वेगळा पत्ता आहे. यूडीपीचा मूळ दस्तऐवज ऑगस्ट १९८० चा असून तो अवघ्या तीन पानांचा आहे. प्रयोगानंतर तो वाचावा. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलालाही तो एका बैठकीत वाचून होतो.

पोर्ट आणि पोचपावती

आयपी पत्त्याने पॅकेट संगणकापर्यंत आले, पण आत ब्राउझर आहे, मेल आहे, आणखी दहा प्रोग्राम आहेत. पोर्टाचा आकडा वाचून संगणकाची कार्यप्रणाली पॅकेट योग्य प्रोग्रामला देते. म्हणजे हा पत्ता संगणकाच्या आतल्या खोल्यांचा. वेबसाठी ८० आणि ४४३, नावे शोधण्यासाठी ५३, दुरून लॉगिन करण्यासाठी २२, मेल पुढे पाठवण्यासाठी २५ एवढे पाठ असले तरी सुरुवातीला चालते.

यूडीपी म्हणजे पेटीत टाकलेले साधे कार्ड. टीसीपी म्हणजे पोचपावतीचे टपाल. टीसीपी बोलण्याआधी तीन निरोपांत ओळख करून घेते: ‘बोलायचे आहे’, ‘ऐकतो आहे, तुम्हीही ऐकता ना?’, ‘ऐकतो’. मग प्रत्येक बाइटाला क्रमांक लावते, पावती येईपर्यंत प्रत जपून ठेवते आणि पावती न आल्यास पुन्हा पाठवते. इथरनेटच्या फ्रेमीत १५०० बाइट बसतात. त्यातून आयपीचे २० आणि टीसीपीचे किमान २० वजा केले की १४६० उरतात. दहा लाख बाइटांचा फोटो पाठवायचा तर असे ६८५ तुकडे होतात, आणि ते कोणत्याही क्रमाने पोचले तरी टीसीपी ते ओळीने लावून देते.

किती वेगाने पाठवायचे हा प्रश्न मात्र शिकण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील दुवा, ज्यातील अंतर चारशे यार्डांचे म्हणजे साडेतीनशे मीटरच्या थोडे वर होते, सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार तुटली नव्हती. रस्ता तुंबला, पावत्यांना उशीर झाला, म्हणून प्रत्येक संगणक तेच तेच पुन्हा पाठवू लागला आणि रस्ता आणखी तुंबला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: थोडे पाठवून पाहावे, पावत्या येत राहिल्या तर वाढवावे, हरवू लागले की चटकन हात आखडता घ्यावा. आजच्या टीसीपीच्या मुळाशी हाच विचार आहे. म्हणून मोठी फाइल उतरताना वेग सुरुवातीला चढत जातो, हे वहीत नोंदवून पाहावे.

वेगाचा विषय निघालाच आहे तर गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार सांगतो: ‘शंभरचा प्लॅन घेतला आणि फाइल बाराच्या वेगाने उतरते.’ यात फसवणूक नाही. प्लॅन मेगाबिटांत असतो, ब्राउझर मेगाबाइट दाखवतो, आणि शंभरला आठाने भागले की साडेबारा येतात.

वेग वेगळा आणि उशीर वेगळा. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावहून मुंबई साधारण ५०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद लागायलाच हवेत. कितीही महाग प्लॅन घेतला तरी त्याहून कमी होणार नाही. पिंग ही आज्ञा एक निरोप पाठवून उत्तर यायला लागलेला वेळ दाखवते; तीत २५ दिसले तर उरलेले २० वळणावळणाच्या मार्गात आणि वाटेतील रांगांत गेले. ट्रेसराउटची आज्ञा त्यातील एकेक टप्पा दाखवते. तिची युक्ती टीटीएल या आकड्यावर चालते: प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. पहिल्यांदा टीटीएल १ ठेवून पाठवले की पहिला राउटर स्वतःचा पत्ता उघड करतो, २ ठेवले की दुसरा, असे पुढे. काही टप्प्यांवर चांदण्या दिसतात. त्या राउटरने उत्तर दिले नाही एवढाच त्याचा अर्थ, वाट तेथे बंद आहे असा नव्हे.

नाव बदलते, आकडा बदलतो

१ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, तरी पिनकोड ५९०००१ तोच राहिला. नावावरून संगणकाचा आयपी आकडा शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये बहुधा याच्या उलट घडते: संकेतस्थळाचे नाव वर्षानुवर्षे तेच राहते आणि मागचा आयपी आकडा बदलत असतो. १९८३ पूर्वी सगळ्या संगणकांची नावे आणि आकडे एकाच फायलीत लिहिलेले असत आणि ती फाइल सर्वांनी उतरवून घ्यायची असे; संगणक वाढले तशी ती सांभाळणे अशक्य झाले, आणि पॉल मॉकापेट्रिस यांनी त्या वर्षी डीएनएसची रचना मांडली. नाव उजवीकडून डावीकडे विचारत जायचे, प्रत्येक पायरीवर पुढच्या जाणकाराचा पत्ता मिळतो, आणि मिळालेले उत्तर ठरावीक काळ जपून ठेवायचे. आकडा बदलल्यावर ‘माझ्याकडे नवे दिसते, त्याच्याकडे जुनेच’ असे होते ते या जपून ठेवण्यामुळे. एनएसलुकअप ही आज्ञा देऊन चार-पाच नावांचे आकडे वहीत उतरवावेत आणि आठवड्याने पुन्हा पाहावेत. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाची देवनागरी नावेही मिळतात. डीएनएसच्या आत मात्र ती रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलूनच फिरतात.

यानंतर वेब. येथे आपल्या भागातील मुलांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. खडेबाजारातल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पायरी चढते, दुकानदार ‘या, बसा’ म्हणतो, गिऱ्हाईक कन्नडमध्ये साडीचा भाव विचारते, आणि पुढचे वाक्य दुकानदार कन्नडमध्येच बोलतो. कोणी ठराव केला नाही, पण दोघांना येणारी भाषा पहिल्या दोन वाक्यांत ठरली. ४४३ पोर्टावर टीएलएस, म्हणजे वेबवरचे बोलणे कुलूपबंद करणारी पद्धत, हेच करते: ब्राउझर आपल्याला येणाऱ्या आवृत्त्या आणि कूटपद्धती सांगतो, सर्व्हर (पान पुरवणारा संगणक) त्यातली एक निवडतो, आपले प्रमाणपत्र दाखवतो, आणि २०१८ च्या १.३ आवृत्तीत हे सारे एका फेरीत उरकते. सामाईक असे काहीच निघाले नाही तर संभाषण तेथेच तुटते. जुन्या मोबाइलवर बँकेचे पान उघडत नाही, त्याचे एक कारण हे असते.

एका पतसंस्थेतला सकाळचा दीड तास

शिकलेले खरे कामाला कसे येते, किंवा ऐनवेळी कसे विसरले जाते, हे सांगण्यासाठी माझीच एक फजिती सांगतो. एका पतसंस्थेतून सकाळी फोन आला: अकरापैकी चार संगणकांवर पासबुकाचा प्रोग्राम उघडत नाही, इंटरनेटही नाही, बाकीचे सात व्यवस्थित. मी गेलो, बंद संगणकावर बसलो आणि गेटवेला पिंग केले. उत्तर आले, एका मिलिसेकंदात. गेटवे जिवंत आहे तर दोष केबलीत कुठेतरी अर्धवट असणार असे धरून मी क्रिंपिंगची पक्कड काढली आणि चारही केबलींची टोके नव्याने बसवली. दीड तास गेला, काउंटरवर पैसे काढायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेली, आणि काही बदलले नाही.

मी पिंगचे उत्तर पाहिले होते, उत्तर देणाऱ्याचा पत्ता वाचला नव्हता. त्या संस्थेचा गेटवे १९२.१६८.१.१; उत्तर देत होता १९२.१६८.०.१. तिसरा आकडा वेगळा. आर्पची यादी काढली तर त्या पत्त्यापुढे भलत्याच कंपनीचा मॅक. मग सतत चालणारे पिंग लावून ठेवले आणि स्विचमधून एकेक केबल काढत गेलो. साहेबांच्या केबिनची केबल निघताच उत्तरे थांबली. केबिनमध्ये वायफाय नीट येत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून जोडला होता, आणि केबल बाहेरच्या पोर्टाऐवजी आतल्या पोर्टात घातली होती. पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी करते: नवा संगणक साऱ्या वाड्याला ‘मला पत्ता द्या’ असे ओरडून सांगतो, आणि जो आधी देऊ करील त्याचा पत्ता तो सहसा घेतो. ज्या चार संगणकांना त्या सकाळी नव्या राउटरने आधी उत्तर दिले ते त्याच्या वाड्यात गेले, आणि त्या वाड्याला ना सर्व्हर होता ना बाहेरची वाट. त्या राउटरची डीएचसीपी बंद केली, त्याला १९२.१६८.१.२ हा मोकळा पत्ता दिला, आणि तो केबिनमध्ये वायफाय पुरवण्यापुरता राहिला.

तेव्हापासून मी क्रम ठरवला आहे आणि मुलांनाही तोच लावतो. आधी स्विचवरचा दिवा पाहावा. मग स्वतःचा आयपी पत्ता, मास्क आणि गेटवे यांचे आकडे तोंडाने मोठ्याने वाचावेत; १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून काहीच आले नाही, असे ओळखावे. मग गेटवेला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आकड्याला, आणि मग नावाला. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता असेल तर पुरवठादाराने आणखी एक नॅट लावलेले आहे, आणि दुकानातला कॅमेरा बाहेरून थेट उघडण्यासाठी तिथल्या राउटरवर कितीही पोर्ट मोकळे केले तरी उपयोग होणार नाही.

शेवटचा धडा म्हणून हाच बिघाड घरी मुद्दाम करून पाहावा. घरच्या राउटरला दुसरा जुना राउटर आतल्या पोर्टाने जोडावा, दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१ ठेवावा, आणि जोडण्याआधी वहीत लिहावे: कोणत्या संगणकाला कोणता पत्ता मिळेल असे वाटते, कोणते पिंग चालेल, कोणते अडेल, आणि वायरशार्कमध्ये डीएचसीपीचे किती देकार दिसतील. मग दोन्ही चालू करून संगणक दहा वेळा नव्याने जोडावा आणि लिहिलेले ताडून पाहावे. हे चालू असताना घरात कोणाची ऑनलाइन परीक्षा किंवा पैशांचा व्यवहार सुरू नाही ना, एवढे आधी विचारून घ्यावे.